कॅन्युला कोणी, कुणासमोर, कितीदा लावला? आरोग्य शिक्षणातला डेटा मानकांवर आणताना

"शेवटच्या वर्षातल्या किती विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष रुग्णावर, देखरेखीखाली, किमान पाच वेळा शिरेत कॅन्युला लावला आहे?"

तपासणीला आलेल्या समितीने विचारलेला हा प्रश्न. (कॅन्युला म्हणजे सलाइन किंवा औषध देण्यासाठी शिरेत बसवायची बारीक नळी.) एका ओळीचा. उत्तर द्यायला आम्हाला सतरा दिवस लागले, आणि जे उत्तर दिलं त्यावर माझाच विश्वास नव्हता. लॉगबुकं, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवह्या, कागदावर होती, सिम्युलेशन लॅबच्या (पुतळ्यांवर सराव करण्याच्या जागेच्या) नोंदी त्यांच्या एक्सेलमध्ये, ऑनलाइन मॉड्यूलचे निकाल एलएमएस या ऑनलाइन शिकवण्याच्या यंत्रणेत आणि ऑस्की या प्रात्यक्षिक परीक्षेचे गुण परीक्षा विभागाकडे. चारही ठिकाणी विद्यार्थी तेच, पण लिहिलेले चार तऱ्हांनी: कुठे आडनाव आधी, कुठे नुसता रोल नंबर, कुठे ई-मेल, तर कुठे बॅचमध्ये चालणारं लाडकं नाव. सतरापैकी बारा दिवस कोण कोण आहे हे जुळवण्यातच गेले.

तेव्हापासून मी या कामात आहे. वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, शाखा कुठलीही असो, शिक्षणाचा डेटा नीट लावायला निघालेल्या माणसासाठी हा लेख आहे. अडचणी सगळीकडे जवळपास सारख्याच असतात. आधी एक स्पष्ट करतो. मानक म्हणजे विकत घ्यायचं सॉफ्टवेअर नव्हे. कशाला काय म्हणायचं, कशाची ओळख कशी ठेवायची आणि ती माहिती दुसऱ्या यंत्रणेला कोणत्या साच्यात द्यायची, याबद्दलचा तो लेखी करार असतो. सॉफ्टवेअर बदलत राहतं, करार टिकला पाहिजे.

पायरी १: सॉफ्टवेअर बाजूला, प्रश्न समोर

डेमो बघायला बसण्याआधी कागदावर तीन प्रश्न लिहा, ज्यांची उत्तरं आज तुम्हाला देता येत नाहीत. तीनच. "विद्यार्थ्यांची प्रगती कळावी" हा प्रश्न नव्हे, ती इच्छा झाली. "दुसऱ्या पोस्टिंगच्या शेवटी कोणत्या विद्यार्थ्यांचं एकही मूल्यमापन झालेलं नाही?" हा प्रश्न. (पोस्टिंग म्हणजे रुग्णालयातल्या एका विभागात ठरावीक काळ काम शिकणं.)

मग प्रत्येक प्रश्नातले शब्द सुटे करा. सुरुवातीच्या कॅन्युलाच्या प्रश्नात 'शेवटच्या वर्षातला', 'प्रत्यक्ष रुग्णावर', 'देखरेखीखाली', 'पाच वेळा' हे चार शब्दप्रयोग आहेत आणि प्रत्येकामागे एक डेटाचा रकाना हवा. सिम्युलेटरच्या हातावर केलेला प्रयत्न आणि रुग्णावरचा प्रयत्न वेगळे नोंदवलेलेच नसतील, तर जगातलं कुठलंही मानक ते नंतर वेगळे करून देणार नाही. फसलेला प्रयत्न मोजायचा का? देखरेख म्हणजे शेजारी उभं राहणं, की हाकेच्या अंतरावर असणं? हे शिक्षकांनी ठरवायचं असतं. आयटीवाल्यांवर सोडलं तर ते काहीतरी ठरवतील, आणि तुम्हाला ते दोन वर्षांनी कळेल.

पायरी २: आहे ते कुठे आहे, याची यादी

यात फार वेळ घालवू नका. एक तक्ता करा: कोणती माहिती, कुठे ठेवलेली आहे, कोण भरतं, बाहेर कोणत्या रूपात काढता येते. शेवटचा रकाना सर्वात महत्त्वाचा. "बाहेर काढता येत नाही, फक्त पीडीएफ मिळते" असं जिथे लिहावं लागेल, तिथे लाल खूण करा. आठवड्याभरात यादी झाली पाहिजे. लांबली तर समजा की यादीच्या नावाखाली बैठका चालू आहेत.

पायरी ३: ओळख क्रमांक

सगळ्या कामातलं हे सर्वात कंटाळवाणं आणि सर्वात मोलाचं काम. चार गोष्टींना कायमची ओळख लागते: माणूस, क्षमता म्हणजे कॉम्पिटन्सी, शैक्षणिक कृती आणि प्रत्यक्ष घडलेला प्रसंग.

माणसासाठी रोल नंबर वापरू नका, तो दरवर्षी बदलू शकतो. ई-मेलही नको. आडनाव बदललं, की लोक ई-मेलही बदलून घेतात. प्रवेशाच्या दिवशी द्यायचा, अर्थ नसलेला आणि पुन्हा कुणालाही न मिळणारा क्रमांक सर्वात चांगला. अर्थ नसलेला म्हणजे काय? त्यात वर्ष, शाखा, कोटा असलं काही गुंफलेलं नसावं. विद्यार्थी शाखा बदलतो आणि मग क्रमांक खोटं बोलायला लागतो. शिक्षकांसाठी जोडीला ऑर्किड क्रमांक ठेवता येतो. २०१२ पासून चालू असलेली ही संशोधकांची सोळा अंकी ओळख आहे. तिचा शेवटचा अंक पडताळणीचा असल्याने टंकनातली चूक लगेच पकडली जाते.

नावावरून जुळवाजुळव करायचा मोह होतो. देवनागरीत तर तो जास्त महाग पडतो. 'ऱ' हे अक्षर एका कोडबिंदूने, म्हणजे संगणकातल्या एकाच अक्षर-क्रमांकाने, लिहिता येतं, तसंच 'र' ला नुक्ता (खालचा बिंदू) जोडूनही. डोळ्याला दोन्ही सारखी दिसतात, संगणकाला ती दोन वेगळी नावं वाटतात. युनिकोडचं सामान्यीकरण (एनएफसी), म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका रूपात आणणं, केल्याशिवाय देवनागरी नावांची तुलना करायचीच नाही. केल्यावरही ती फक्त संशयित जोड्या शोधायला वापरायची.

आता क्षमतांचे क्रमांक. इथे माझी स्वतःची चूक सांगतो. आम्ही क्षमतांची यादी १ ते २१४ अशी क्रमांकली होती. पुढच्या वर्षी अभ्यासक्रम समितीने मधल्या तीन क्षमता वगळल्या आणि मी उत्साहाने सगळी यादी पुन्हा सलग क्रमांकली. यादी दिसायला छान झाली. पण आदल्या वर्षीच्या नोंदींमधली '८७' म्हणजे लघवीची नळी (कॅथेटर) घालणं होतं आणि नव्या यादीतली '८७' म्हणजे रुग्णाची संमती घेणं. एका बॅचभर मुलांनी संमती घेण्यात प्रावीण्य मिळवल्याचा अहवाल निघाला. नियम साधा आहे: एकदा दिलेला क्रमांक परत वापरायचा नाही, वगळलेली क्षमता पुसायची नाही. तिला 'निवृत्त' असा शिक्का आणि तारीख द्या. वाक्याचा अर्थ बदलला तर नवी आवृत्ती, नवा क्रमांक. नुसतं शुद्धलेखन सुधारलं तर तोच क्रमांक राहतो.

प्रसंगांसाठी यूयूआयडी वापरा. १२८ बिटांची ही ओळख कुठलंही यंत्र कुणालाही न विचारता तयार करू शकतं आणि ती दुसरीशी जुळण्याची शक्यता व्यवहारात धरायची गरज नाही. वॉर्डात नेटवर्क नसताना मोबाइलवर नोंद झाली आणि नंतर दोनदा पाठवली गेली, तरी ओळख एकच असल्याने ती एकदाच मोजली जाते.

पायरी ४: क्षमतांचा आराखडा

क्षमतांची यादी शून्यातून करू नका. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणात अमेरिकेतल्या एसीजीएमई या मान्यता संस्थेची ६ मूलभूत क्षमताक्षेत्रं आहेत, कॅनडाच्या कॅनमेड्स आराखड्यात डॉक्टरच्या ७ भूमिका आहेत. तुमच्या नियामक संस्थेचीही स्वतःची यादी असेल. ती बंधनकारक असेल तर तीच मुख्य, बाकीच्या जोडायच्या.

जोडणं म्हणजे काय, हे नीट समजून घ्या, कारण बहुतेक संस्था इथे घसरतात. दोन याद्यांमधली नाती सांगण्यासाठी एसकेओएस नावाचं, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी संस्थेचं २००९ चं मानक आहे. त्यात 'तंतोतंत तेच', 'जवळपास तेच', 'याहून व्यापक', 'याहून संकुचित' आणि 'संबंधित' अशी पाच वेगळी नाती आहेत. क्षमतांच्या आराखड्यासाठी मेडबिक्विटसचं (आरोग्य शिक्षणातल्या डेटाची मानकं करणारा उपक्रम) जे मानक आहे, तेही याच कल्पनेचा आधार घेतं. घाईत सगळेच जण 'तंतोतंत तेच' वर टिक करतात. तसं करू नका. "वाईट बातमी सांगणे" आणि "रुग्णाशी संवाद" यांचं नातं संकुचित-व्यापक असं आहे. ते 'तेच' म्हणून जोडलं, की नुसता रुग्णाच्या आजाराचा इतिहास विचारून घेतलेल्या मुलाच्या नावावर वाईट बातमी सांगितल्याची नोंद लागते. माझा अनुभव असा की मन लावून जोडलेल्या यादीत 'तंतोतंत' फार थोडी निघतात. भराभर निघू लागली तर जोडणाऱ्याला चहा पाजा आणि पुन्हा बसवा.

आणखी एक गल्लत टाळा. क्षमता माणसात असते आणि ईपीए, म्हणजे विश्वासाने सोपवता येईल असं व्यावसायिक काम, हे कामाचं वर्णन असतं. डच वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ ओले टेन काटे यांनी ही कल्पना २००५ मध्ये मांडली. 'शस्त्रक्रियेनंतर रुग्णाची जबाबदारी पुढच्या पाळीकडे सोपवणे' हा ईपीए आहे. त्यात संवाद, वैद्यकीय ज्ञान, टीमवर्क अशा अनेक क्षमता एकत्र लागतात. ईपीएला पाच पातळ्या लावतात: फक्त बघणं, थेट देखरेखीखाली करणं, गरज पडल्यास मदत मिळेल अशा बेताने करणं, स्वतंत्रपणे करणं आणि इतरांवर देखरेख करणं. डेटाबेसमध्ये क्षमता आणि ईपीए यांचे तक्ते वेगळे ठेवा, मध्ये जोडतक्ता द्या. दोन्ही एकाच यादीत कोंबले की नंतर सोडवताना हाल होतात.

पायरी ५: अभ्यासक्रमाचा नकाशा

काय, कुठे, कोणत्या पद्धतीने शिकवलं आणि कसं तपासलं, हे सांगणारं मानक म्हणजे मेडबिक्विटसचं करिक्युलम इन्व्हेंटरी. एएनएसआय या अमेरिकेच्या मानक संस्थेची मान्यता त्याला २०१३ मध्ये मिळाली. एक्सएमएल या संगणकाला वाचता येणाऱ्या साच्यात ते चार मुख्य गोष्टी मांडतं: प्रसंग (तास, पोस्टिंग, परीक्षा), अपेक्षा (क्षमता आणि उद्दिष्टं), शैक्षणिक टप्पे, आणि या सगळ्याचा क्रम.

पूर्ण एक्सएमएल पहिल्या वर्षी बनवायची गरज नाही, पण त्याची शब्दसूची पहिल्या दिवसापासून वापरा. शिकवण्याच्या पद्धतींना 'आयएम' ने सुरू होणारे आणि मूल्यमापनाच्या पद्धतींना 'एएम' ने सुरू होणारे संकेत त्यात आहेत. प्रत्येकाची व्याख्या ठरलेली. लहान गटचर्चा म्हणजे किती जणांची? सूची सांगते, १२ पर्यंत. त्यापुढे मोठा गट. आमच्याकडे एका विभागात चाळीस जणांच्या वर्गाला 'स्मॉल ग्रुप' म्हणण्याची परंपरा होती. व्याख्या भिंतीवर लावल्यावर त्या विभागाचे 'लहान गटांचे' तास एका रात्रीत नाहीसे झाले. विभागप्रमुख रागावले, पण वेळापत्रकात खरोखर बदल झाला.

मूल्यमापनाबाबत पद्धत आणि हेतू वेगळे नोंदवायचे, हेही याच मानकातून उचला. ऑस्की ही पद्धत झाली. ती सरावासाठी घेतली की निकालासाठी, हा हेतू. 'सराव-ऑस्की' असा एकच जोडशब्द रकान्यात घातला की पुढे ना पद्धत मोजता येते ना हेतू.

पायरी ६: साहित्य, प्रश्न आणि शब्दसूची

व्हिडिओ, व्याख्यानं, केस यांच्या वर्णनासाठी आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचं एलओएम हे २००२ चं मानक आहे. नऊ गटांमध्ये ढीगभर रकाने. मेडबिक्विटसने त्यात आरोग्य क्षेत्राला लागणारी भर घातली. खरं सांगायचं तर सगळे रकाने कुणीच भरत नाही. आम्ही आठांवर थांबलो: शीर्षक, ओळख, भाषा, लेखक, परवाना, कोणासाठी, कोणती क्षमता, शेवटचा आढावा कधी घेतला. शेवटचा रकाना वगळू नका, कारण औषधांचे डोस आणि उपचारांचे सल्ले जुने होतात.

विषय सांगण्यासाठी स्वतःची यादी करू नका. एकच आजार तीन सूचींमध्ये कसा दिसतो, ते बघा. मधुमेह मेशमध्ये 'डी००३९२०' आहे, स्नोमेड सीटीमध्ये ७३२११००९, आणि आयसीडी-१० मध्ये त्याचा दुसरा प्रकार 'ई११'. तिन्हींचं काम वेगळं. मेश ही वाङ्मय शोधण्यासाठी केलेली सूची असल्याने व्याख्यानं आणि वाचनसाहित्याला ती शोभते, आणि ती मोफतही आहे. स्नोमेड रुग्णाच्या नोंदीसाठी आहे. रुग्णालयात ते वापरात असेल तर लॉगबुकही त्यावरच चालवा. आयसीडी आकडेवारीसाठी, त्यामुळे त्याची बारकाई शिकवण्याला कधी अपुरी पडते तर कधी भलतीकडेच जाते.

आता एक सापळा. स्नोमेडचा संकेत १८ अंकांपर्यंत लांब असू शकतो आणि एक्सेल संख्येतले पहिले १५ अंकच खरे ठेवतं. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली) दुहेरी क्लिक करून उघडली आणि 'सेव्ह' दाबलं, की लांब संकेतांचे शेवटचे अंक शून्य होतात. कुठलीही सूचना येत नाही. सुरुवातीचे शून्यही असेच गळतात. ओळख क्रमांकांचे रकाने आधी 'टेक्स्ट' करून मगच आयात करा, आणि हे वाक्य डेटा भरणाऱ्याच्या टेबलावर चिकटवा.

प्रश्नपेढीसाठी क्यूटीआय हे मानक. पर्याय, बरोबर उत्तर, गुण, अभिप्राय हे सगळं त्यात हलवता येतं, पण प्रत्येक सॉफ्टवेअर त्याचा आपल्या सोयीचा तुकडाच पाळतं. साधे एमसीक्यू, म्हणजे बहुपर्यायी प्रश्न, नीट जातात, चित्रावर खूण करायचे प्रश्न वाटेत मोडतात. पन्नास प्रश्न हलवून बघितल्याशिवाय पाच हजारांना हात लावू नका. आभासी रुग्णांसाठीही, म्हणजे संगणकावरच्या सरावाच्या केससाठी, २०१० पासून वेगळं मानक आहे. रुग्णाची माहिती, चित्रं-ध्वनी, कोणती माहिती कधी उघडायची आणि विद्यार्थी कोणत्या वाटेने जाईल हे सुटं ठेवण्याची त्याची रचना मला आवडते, कारण एकाच रुग्णावर दोन वेगळे धडे रचता येतात. तुमच्याकडे अशा केस दोन-चारच असतील तर मात्र सध्या सोडून द्या.

पायरी ७: अनुभवाची नोंद

एलएमएसमधले बहुतेक मॉड्यूल स्कॉर्मवर, म्हणजे मॉड्यूल आणि एलएमएस यांनी एकमेकांशी बोलण्याच्या मानकावर, चालतात. स्कॉर्म १.२ हे २००१ चं, तरी अजून जिवंत आहे. त्याची एक मेख लक्षात ठेवा: 'पूर्ण झालं' आणि 'उत्तीर्ण झाला' या दोन गोष्टी त्यात एकाच स्थितीच्या रकान्यात येतात. पूर्ण केलं पण नापास, हे नीट सांगताच येत नाही. २००४ च्या आवृत्तीत त्या वेगळ्या झाल्या. मॉड्यूल निर्यात करताना कोणती आवृत्ती निवडली, हे बघत जा.

पण स्कॉर्म ब्राउझरच्या बाहेर जात नाही आणि आरोग्य शिक्षणातलं खरं शिक्षण तर वॉर्डात, ओपीडीत आणि ऑपरेशन थिएटरात होतं. तिथे एक्सएपीआय हे अनुभव नोंदवण्याचं मानक लागतं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एडीएल उपक्रमाच्या पुढाकाराने त्याची पहिली पक्की आवृत्ती २०१३ मध्ये आली आणि दुसरी आवृत्ती २०२३ मध्ये आयईईईचं मानक झाली. प्रत्येक अनुभव कर्ता, क्रियापद आणि कर्म अशा वाक्यात लिहायचा आणि एलआरएस नावाच्या नोंदभांडारात ठेवायचा, एवढीच त्याची कल्पना. शाळेतलं व्याकरण इतक्या वर्षांनी कामी आलं.

आमच्या कॅन्युलाचं वाक्य असं दिसतं (साधारण रूप, संगणकासाठीच्या जेसन साच्याच्या कंसांशिवाय):

कर्ता: संस्थेचं खातं, क्रमांक ४७१०२९
क्रियापद: केलं
कर्म: प्रक्रिया – शिरेत कॅन्युला लावणे
निकाल: यश – होय, जोड-रकाना: प्रयत्न २, देखरेखीची पातळी २
संदर्भ: मार्गदर्शक – खातं क्रमांक २००३१८, गट – मेडिसिन पोस्टिंग, जोड-रकाना: रुग्ण प्रत्यक्ष
घडल्याची वेळ: २०२५-०३-१४, सकाळी १०.४०, यूटीसी या जागतिक वेळेपासूनच्या फरकासह

यातल्या प्रत्येक ओळीवर आमच्याकडे भांडणं झाली आहेत, म्हणून थोडं थांबून सांगतो.

कर्ता ई-मेलने ओळखता येतो, पण खातं वापरा. ई-मेलचा हॅश, म्हणजे गणिताने काढलेला सांकेतिक ठसा, पाठवला की माहिती निनावी झाली, असा एक गैरसमज आहे. ज्याच्याकडे विद्यार्थ्यांच्या ई-मेलची यादी आहे तो पाच मिनिटांत सगळे हॅश तयार करून जुळवू शकतो.

क्रियापद हा नुसता शब्द नसतो, त्यामागे आयआरआय, म्हणजे वेबपत्त्यासारखी कायमची ओळख असते. दाखवायचा शब्द मराठीत वेगळा, इंग्रजीत वेगळा, ओळख एक. 'केलं', 'पूर्ण केलं', 'पार पाडलं' अशी तीन क्रियापदं तीन ॲपनी तयार केली की अहवाल फसला. क्रियापदांची यादी लेखी ठेवा. दहाच्या आत मावते.

देखरेखीची पातळी गुणांच्या रकान्यात घालू नका. तिथे कच्चे गुण, किमान, कमाल असे रकाने असल्याने १ ते ५ सहज बसतं, म्हणूनच मोह होतो. पण ती गुणांच्या जागी बसली, की कुणीतरी सरासरी काढतं आणि 'देखरेख ३.४' असा आकडा सभेत येतो. त्याचा अर्थ काय, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून जोड-रकाना, म्हणजे आपण स्वतः जोडलेला रकाना.

आणि वेळ. वाक्यात घडल्याची वेळ दिली नाही, तर एलआरएस नोंद साठवल्याची वेळच तिथे धरतं. मुलं आठवड्याची लॉगबुकं रविवारी रात्री भरतात. आमच्या पहिल्या अहवालात सगळी रुग्णसेवा रविवारी रात्री नऊ ते अकरा या वेळेत झालेली होती. फॉर्ममध्ये 'कधी केलं' हा रकाना बंधनकारक करा आणि साठवल्याची वेळही टाकू नका, ती पुढे उपयोगी पडते.

एक्सएपीआयमधलं वाक्य एकदा साठवलं की बदलता येत नाही. चूक झाली तर 'रद्द केलं' असं दुसरं वाक्य पाठवायचं आणि मग दुरुस्त वाक्य नव्या ओळखीने. रद्द करणारं वाक्य पुन्हा रद्द करता येत नाही, म्हणून हा अधिकार दोन-तीन माणसांपुरताच ठेवा. सुरुवातीला हा नियम जाचक वाटतो. गुणांबद्दल तक्रार येते तेव्हा तोच आधार होतो.

पायरी ८: यंत्रणा एकमेकींना जोडणं

एलएमएसमधून सिम्युलेशनचं किंवा परीक्षेचं साधन उघडायचं असेल तर त्या जोडणीचं मानक, एलटीआय १.३, मागा. जुन्या आवृत्तीवर अडून बसलेल्या विक्रेत्याकडे फार काळ थांबू नका, सुरक्षेची पद्धतच बदललेली आहे. गुण परत एलएमएसमध्ये येणं आणि वर्गाची यादी आपोआप जाणं या वेगळ्या सेवा आहेत. 'एलटीआय आहे' एवढ्यावर खूश न होता त्या दोन्ही आहेत का, ते विचारा. रुग्णालयाच्या यंत्रणेशी बोलायचं तर एफएचआयआर हे रुग्णनोंदींच्या देवाणघेवाणीचं मानक लागेल, पण त्या दारावर टकटक करण्याआधी पुढची पायरी वाचा.

पायरी ९: रुग्ण या नोंदीत येता कामा नये

शिक्षणाच्या डेटाबद्दल बोलताना सगळे विद्यार्थ्याच्या गोपनीयतेवर बोलतात आणि लॉगबुकात रुग्णाचा नोंदणी क्रमांक बिनधास्त लिहितात. विद्यार्थ्याने काय शिकलं हे सांगायला तो क्रमांक लागत नाही. वयाऐवजी वयोगट, नावाऐवजी काहीच नाही. मोकळ्या मजकुराचा रकाना सर्वात धोक्याचा: "अमुक गावच्या शिक्षकांना झालेला दुर्मिळ आजार" असं लिहिलं की नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो. आम्ही तो रकाना ठेवला, पण वर एकच ओळ लिहिली: 'तुम्ही काय शिकलात ते लिहा, रुग्णाला काय झालं ते नको.' निम्मा प्रश्न तिथेच मिटला.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत दोन गोष्टी लेखी ठरवा. कोणती नोंद निकालासाठी वापरली जाईल आणि कोणती फक्त शिकण्यासाठी. आणि नोंदी किती वर्षांनी पुसल्या जातील. पहिलं ठरवलं नाही तर मुलं फसलेले प्रयत्न नोंदवणं बंद करतात आणि तुमच्याकडे यशाचा सुंदर, निरुपयोगी ढीग जमतो.

पायरी १०: प्रमाणपत्रं

इथे घाई नको. ओपन बॅजेसची, म्हणजे डिजिटल प्रमाणपत्रांची, कल्पना मोझिलाने २०११ मध्ये पुढे आणली. त्याची तिसरी आवृत्ती डब्ल्यू३सीच्या पडताळणीयोग्य प्रमाणपत्रांच्या मानकावर उभी आहे, त्यामुळे प्रमाणपत्र खरं आहे का हे संस्थेला फोन न करता तपासता येतं. बीएलएससारख्या (प्राथमिक जीवरक्षण) मुदतीच्या प्रशिक्षणांना याचा खरा उपयोग होतो, कारण मुदत संपल्याची तारीख प्रमाणपत्रातच असते. पण मागच्या पायऱ्या कच्च्या असताना बॅज वाटणं म्हणजे भिंत उभी राहण्याआधी रंग आणण्यासारखं.

पायरी ११: करार करण्याआधीची चाचणी

विक्रेत्याला 'मानक पाळता का?' असं विचारलं की उत्तर नेहमी 'हो' येतं. म्हणून वेगळं विचारा. कोणतं मानक, कोणती आवृत्ती, आत घ्यायला की बाहेर द्यायला? नमुन्याची फाइल आत्ता दाखवाल का? करार संपल्यावर आमचा सगळा डेटा कोणत्या साच्यात, किती दिवसांत, किती पैशांत मिळेल?

मग चाचणी. वीस बनावट विद्यार्थी, दहा क्षमता आणि दोनशे नोंदी घाला. त्यात मुद्दाम गोंधळ हवा: एक विद्यार्थी आडनाव बदललेला, एक शाखा बदललेला, एक निवृत्त क्षमता, एक रद्द केलेली नोंद, दोनदा पाठवलेली एक नोंद, शून्याने सुरू होणारा एक संकेत आणि 'ऱ' असलेलं एक नाव. सगळं बाहेर काढा, कोऱ्या यंत्रणेत परत घाला आणि मोजा. दोनशेचे दोनशे आले पाहिजेत, आणि रद्द केलेली नोंद रद्दच दिसली पाहिजे. आम्ही एकदा ही चाचणी केली तेव्हा एका नामवंत म्हणवणाऱ्या यंत्रणेने निर्यातीत मार्गदर्शकाचा रकानाच गाळला होता. पडद्यावर दिसत होता, फाइलमध्ये नव्हता. सही केल्यावर कळलं असतं तर पुढची वाट फार लांबची झाली असती.

पायरी १२: एक पोस्टिंग, मोजक्या प्रक्रिया

सगळ्या संस्थेत एकदम सुरू करू नका. एक पोस्टिंग घ्या, त्यातल्या दोन-तीन प्रक्रिया घ्या, आणि असा विभाग निवडा जिथे किमान एका शिक्षकाला हे मनापासून हवं आहे. मोबाइलवरचा फॉर्म एका मिनिटात भरला गेला पाहिजे. त्याहून वेळ लागला तर भरणार नाहीत, किंवा रविवारी रात्री भरतील. मार्गदर्शकाची मंजुरी दोन टॅपमध्ये व्हायला हवी. तीन महिन्यांनी पायरी १ मधले तीन प्रश्न परत काढा आणि उत्तर काढायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून बघा.

आम्ही तो कॅन्युलाचा प्रश्न पुन्हा विचारला तेव्हा उत्तर चार मिनिटांत आलं. नावांची यादी, प्रत्येकासमोर पाच किंवा जास्त नोंदी, मार्गदर्शक, तारीख, सगळं. खुशीत असतानाच सहकाऱ्याने मंजुरीच्या वेळांचा रकाना उघडला. नऊ मुलांच्या सगळ्या नोंदी एकाच मार्गदर्शकाने, एकाच संध्याकाळी, सात मिनिटांत मंजूर केल्या होत्या. कागदी लॉगबुकातही हेच चालत असणार. एकाच पेनाच्या, एकाच तिरकसपणाच्या सह्या आम्ही वर्षानुवर्षं बघत आलो होतो, पण ते मोजायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी यादी छापली, त्या नऊ ओळींवर पिवळी खूण केली आणि विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवून आलो.